श्री आणि हौसा

"आई, जसं दिसतंय तसं वाच. एक अक्षरही सोडू नकोस."

"वाचतेय गं. वर एरर. त्याखाली सी. मग दोन टिंबं, एकाखाली एक. मग तिरकी रेघ. यू, एस, ई, आर, एस. परत तिरकी रेघ. आणि पुढं प्रश्नचिन्हं आहेत."

"काय आहेत?"

"प्रश्नचिन्हं. चार. एकाला लागून एक."

शुभानं ते फोनवर पुटपुटत लिहून घेतलं. लेक माझी नागपूरला, मी इथं कुर्डुवाडीत. एका हातात फोन आणि दुसरा हात कॉम्प्युटरच्या त्या उंदरावर. उंदीर हलला की पडद्यावरची खूण भलतीकडंच पळायची, म्हणून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. मागं खाटेवर हे बसले होते. सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून, पट्टा लावून. ड्युटीवर निघाल्यासारखे.

"एरर म्हणजे चूकच ना?" यांनी विचारलं.

"हो."

"आपली का त्याची?"

"ते तो सांगत नाही."

"मग साहेबच आहे तो," हे म्हणाले. पलीकडं शुभा हसली. मलाही हसू आलं. त्या श्रावणात आमच्या घरात हसू तसं कमीच होतं.

हे रेल्वेत ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, पण यांना ते नाव कधी आवडलं नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि इंजिनावरून उतरवून यांना ऑफिसात बसवलं. काचबिंदू. या दुखण्यात नजर कडेकडेनं जाते. मधलं दिसतं, बाजूचं नाहीसं होतं. "बोगद्यातनं बाहेर बघावं तसं दिसतं," हे सांगायचे. रिटायर झाल्यावर बोगदा लांबत गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उरलंय तेही जाणार, आणि कधी ते आम्हालाही सांगता येणार नाही. त्या आठवड्यात हे दोनदा दाराच्या चौकटीला धडकले. एकदा तर माझ्या हातातल्या ताम्हनाला, सगळं तीर्थ सांडलं.

डॉक्टरांकडून परत येताना गाडीत हे म्हणाले, "एकदा चालवायला मिळाली असती तर बरं झालं असतं."

मला नवल वाटलं. रिटायर झाल्यापासून हे स्टेशनाच्या दिशेला फिरायलासुद्धा जात नव्हते. शेजारचे लोक सांगायचे, चला साहेब, नवीन इंजिन आलंय बघायला. हे नाही म्हणायचे. शिट्टी ऐकू आली की मान दुसरीकडं वळवायचे. आणि आता हे मागणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं जेवणात मीठसुद्धा मागून घेतलेलं मला आठवत नाही.

मी ते शुभाला सांगितलं. शुभानं जावईबापूंना सांगितलं. त्यांनी कुठून कुठून शोधून आगगाडी चालवायचा एक जुना खेळ काढला. त्यात कुणा हौशी मुलांनी सोलापूर-दौंड लाईनच बसवली होती म्हणे, आमचं कुर्डुवाडीसकट. तबकडीवर सगळं घालून त्यांनी कुरियरनं पाठवलं. यांनी ती तबकडी दोन्ही हातांनी घेतली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली. एरवी देव्हाऱ्यापुढं कधी हात न जोडणारा माणूस.

पण खेळ काही बसेना.

पहिल्या दिवशी तबकडी फिरायची आणि थांबायची. शुभा म्हणाली, पुसून बघ. वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस घेऊन मी ती पुसली, अगदी देवाचा टाक पुसावा तशी. फिरली. मग म्हणे जागा नाही. तेव्हा लग्नाच्या, मुंजीच्या फितींवरून उतरवलेलं जे जे काही होतं ते काढून टाकलं. मग म्हणे राखणदार आडवा येतोय. व्हायरसपासून राखण करणारं काहीतरी असतं, ते घटकाभर झोपवलं. हिरवी पट्टी भरत भरत जायची, आम्ही दोघं टक लावून बघायचो, आणि अगदी शेवटाला आली की तो इंग्रजी चौकोन टप्पकन पुढं यायचा. ठीक आहे म्हणायचं एकच बटण. ठीक नसलं तरी.

"झालं?" हे विचारायचे.

"नाही अजून."

"बरं." मग पट्टा सैल करायचे आणि आडवे व्हायचे. दुसऱ्या दिवशी परत शर्ट खोचून तयार. असे बरेच दिवस गेले. माझा नेम सकाळी पूजा, मग पोथीचा अध्याय आणि त्याच्या आधी पाणीसुद्धा नाही. त्यात आता ही एक भर पडली. अध्याय संपला की कॉम्प्युटरपुढं बसायचं. मी पोथी वाचत असताना हे दारात उभे राहून वाट बघायचे. घाई करायचे नाहीत. पण नजर बारीक होत चालली होती, आणि ती माझ्या अध्यायासाठी थांबणार नव्हती. मी भरभर वाचायला लागले होते.

तर ती चार प्रश्नचिन्हं.

"आई," शुभा एकदम म्हणाली, "कॉम्प्युटर उघडला की आधी नाव येतं बघ. काय नाव आहे तिथं?"

"श्री."

"मराठीत?"

"मग? देवाचं नाव इंग्रजीत लिहितात होय?"

"अगं आई!"

कॉम्प्युटर घरी आणला तेव्हाची गोष्ट. बसवायला आलेल्या माणसानं विचारलं होतं, मावशी, नाव काय टाकू. तोवर माझं डब्याला हळदकुंकू लावून झालं होतं. मी म्हटलं, श्री टाका. आपल्याकडं कोऱ्या पाटीवर, पत्रिकेवर, दुकानाच्या नव्या वहीवर, कशावरही पहिल्यांदा श्री येतो. तो माणूस बिचारा भला, त्यानं खटपट करून मराठीत उमटवून दिलं. तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरचा मालक श्री.

"खेळ जुना आहे गं," शुभा सांगत होती. "त्याला मराठी वाचता येत नाही. मधे श्री आला की त्याला काही कळतच नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. तिथं तो वाट चुकतो."

मी यांना ते जसंच्या तसं सांगितलं.

"श्री दिसला की वाट सापडते असं ऐकलं होतं," हे म्हणाले.

"चेष्टा नको. पुसायचं का आता ते? देवाचं नाव पुसायचं माझ्याच्यानं नाही व्हायचं."

मला वाटलं, हे चिडतील. त्यांच्या नजरेचे दिवस थोडेच उरलेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि मी नावासाठी अडून बसले होते. पण हे म्हणाले, "पुसू नकोस. दुसरं काही होतं का विचार."

शुभा म्हणाली, नुसतं नाव बदलून तसंही भागायचं नाही, आतल्या कप्प्यावर जुनंच नाव राहतं. त्यापेक्षा शेजारी दुसरं खातं उघडू. श्री राहील जागच्या जागी. फक्त दुसरं नाव इंग्रजीत हवं. तिनं सांगितलं तसं मी दाबत गेले. एक रिकामी चौकट आली, आत एक उभी रेघ उघडझाप करत होती.

"आता नाव टाक. बाबांचंच टाक."

मी यांच्याकडं वळले. "तुमचं टाकते हं."

"नको," हे म्हणाले. "हौसा टाक."

"काय?"

"हौसा. एच, ए, यू, एस, ए."

एकही अक्षर न अडखळता सांगितलं त्यांनी. मी एका बोटानं एकेक शोधत टाकलं. "हौस म्हणता का? मग शेवटी ए कशाला? हौसेला काना नसतो."

"असू दे काना."

फोनवर शुभा म्हणत होती, "छान आहे की. बाबांची हौस." मलाही तसंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा हौस केली माणसानं, एक काना जास्त झाला तर काय बिघडलं.

त्या दिवशी हिरवी पट्टी भरली ती भरलीच. शेवटाला गेली, थांबली नाही. पण त्यानंतरही त्याचं काय काय उतरवणं, बसवणं चालूच होतं, बंद करून परत उघडणं झालं, आणि खेळ सुरू होतो म्हणेपर्यंत दिवेलागण झाली.

मी उठून देवापाशी दिवा लावला. आणि माझं मौन सुरू झालं.

चातुर्मासात दिवेलागणीपासून रात्रीचं जेवण होईपर्यंत मी बोलत नसे. घरात सगळ्यांना माहीत होतं. शुभा त्या वेळात फोन करायची नाही. कुणी दारात आलंच तर मी हातानं बसा म्हणायची. यांनाही ठाऊक होतं. त्यांनी काही न बोलता माझ्यासाठी आपल्या डाव्या हाताला खुर्ची ओढली. मी बसले.

पडद्यावर इंजिनाची काच आली. काचेपलीकडं रूळ. आमचं कुर्डुवाडी स्टेशन म्हणे, पण नुसते करडे ठोकळे, आणि एकाच साच्यातून काढल्यासारखी झाडं. यांनी चष्मा पुसला. दोन्ही हात बटणांवर ठेवले. आणि त्यांची पाठ सरळ झालेली मी बघितली. मी ती पाठ विसरले होते.

"मला मधलं दिसतंय," हे म्हणाले. "रूळ दिसतोय. सिग्नल कडेला असतो, तो नाही दिसत. तो तू सांगायचा." आणि मग सवयीनं, समोरच बघत, "सिग्नल?"

कडेला खांबावर हिरवा ठिपका होता. मी त्यांच्या खांद्यावर हलकेच टिचकी मारली.

"हे काय?"

मी पदराची कड दाखवली, हिरवी. मग माझ्या लक्षात आलं, कडेचं यांना दिसत नाही.

"असं नाही चालत," हे म्हणाले. रागावून नव्हे, नव्या पोराला शिकवावं तसं. "इंजिनावर दोन माणसं असतात. एकानं सिग्नल म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. मोठ्यानं. दोघांनी म्हटल्याशिवाय गाडी पुढं जात नाही."

मी देव्हाऱ्याकडं बघितलं.

ते मौन मी कधी धरलं, ते सांगायला हवं. शुभा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. असाच श्रावण. हे एक दिवस ड्युटीवरून आले, घरात न येता मोरीबाहेरच्या नळाखाली कपड्यांसकट बसले, आणि पाणी संपेपर्यंत उठले नाहीत. मी टॉवेल दिला. "रनओव्हर," एवढंच म्हणाले. रेल्वेच्या वस्तीत तो शब्द सगळ्या बायकांना कळतो, आणि पुढं विचारायचं नसतं हेही कळतं. गाडीखाली माणूस आलं की असं म्हणतात. चौकशी झाली, यांचा काही दोष निघाला नाही, चार दिवसांनी हे परत कामावर गेले. सगळे म्हणाले, ड्रायव्हरच्या नशिबात हे असतंच. पण त्यानंतर दिवेलागणीची वेळ झाली की हे बोलायचे बंद झाले. भिंतीला टेकून बसायचे. मी बोलले तर ऐकायचे नाहीत, पोर बोलली तर उठून जायचे. शेजारणी विचारायला लागल्या, काय हो, भांडण झालंय का तुमच्यात.

मग मी चातुर्मासाचं मौन धरलं. व्रताच्या गप्प बसण्याला कुणी नावं ठेवत नाही. दोघंही गप्प बसलो की घरात देवाचं काहीतरी चालू आहे असं लोकांना वाटायचं. शुभालाही तसंच वाटलं. पुढं यांचं बोलणं थोडंथोडं परत आलं, पण माझा नेम मी सोडला नाही. दर वर्षी.

"सिग्नल?" यांनी परत विचारलं.

"हिरवा," मी म्हणाले.

यांची मान किंचित माझ्याकडं वळली. मग परत समोर.

"हिरवा," हे म्हणाले, आणि गाडी निघाली.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पण थांबायला सवड नव्हती, कारण सिग्नलमागून सिग्नल येत होते. मी म्हणत होते, हे परत म्हणत होते. मधे एकदा दोन पिवळे दिवे एकावर एक आले तर मी म्हटलं, "दोन पिवळे, डाळीच्या वड्यांसारखे." "नुसतं डबल यलो म्हण," हे म्हणाले, "वड्या घरी." त्या क्षणी आम्ही इतके आनंदात होतो, की मला भीती वाटली.

केम स्टेशन मागं पडलं. हे सगळं यायच्या आधीच सांगत होते. "आता चढ. आता मोरी येईल, खालनं ओढा." आणि खरंच यायचं, नाहीतर नुसतं करडं काहीतरी यायचं आणि हे म्हणायचे, "इथं चिंच होती. ठेवली नाही पोरांनी." जेऊरच्या अलीकडं लाईन डावीकडं वळते. वळण अजून लांब होतं. पुढं खांबावर स्वच्छ हिरवा दिवा.

"सिग्नल?"

"हिरवा."

"हिरवा," हे म्हणाले, आणि त्यांनी ब्रेक लावला.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "अहो, हिरवा आहे. हिरवा."

"ऐकलं."

बोट बटणावर दाबलेलं. गाडीचा वेग उतरत होता, फार सावकाश. आपण थांबा म्हणतो आणि गाडी थांबते असं नसतं, ते मला तेव्हा कळलं. कितीतरी झाडं मागं गेली. यांनी शिट्टी धरली होती, सोडतच नव्हते. वळण आलं, गाडी त्यात शिरली, बाहेर पडली, आणि एका ओसाड जागी रुळांवर उभी राहिली. शिट्टी बंद झाली. तिथं स्टेशन नव्हतं, फाटक नव्हतं. दोन्ही बाजूंना तीच साच्यातली झाडं.

"इथं काही नाही हो," मी म्हणाले.

"पायवाट होती. शेतातनं लाईन ओलांडून पलीकडच्या विहिरीवर जायची. पोरांना कुठनं माहीत असणार."

समोर बघतच हे बोलत राहिले, सिग्नल सांगावा तशा सपाट आवाजात.

"शेळी होती तिची. शेळी लाईनीवर येऊन उभी राहिली, हलेना. ही तिला ओढायला आली. दोरी सोडून दिली असती तर वाचली असती. मी शिट्टी देतोय, ब्रेक लावलाय. तिनं एकदा वर बघितलं. माझ्याकडंच. दोरी नाही सोडली." यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. "गाडी थांबली तेव्हा ही जागा पार मागं राहिली होती. मी उतरून मागं चालत आलो. एक म्हातारा बांधावरनं पळत येत होता, हौसा, हौसा करत. त्याला अजून दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं."

देवापुढचा दिवा तेल कमी झाल्यासारखा फडफडला. मी उठले नाही.

"नंतर रिपोर्ट लिहायला लावला. इंग्रजीत. नाव पण इंग्रजीत." यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "वळणाच्या अलीकडनं ही जागा दिसतच नाही गं. दिसल्यावर ब्रेक लावून काही उपयोग नसतो. दिसायच्या आधी लावायला पाहिजे."

त्यानंतर हा खेळ यांनी परत कधी लावला नाही. दिवाळीपर्यंत मधलंही दिसेनासं झालं. पुढं हे आणखी काही वर्षं होते, शुभाच्या मुलीला गाडीच्या शिट्टीचे प्रकार तोंडानं काढून दाखवायचे. दिवेलागणीला बोलायचे. आता हेही नाहीत. शुभानं एकदा कॉम्प्युटर साफ करायला घेतला आणि म्हणाली, आई, हे दुसरं नाव काढून टाकू ना, आता कुणी वापरत नाही. मी म्हटलं, राहू दे, श्रीला सोबत आहे. पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलंय.

आम्ही तसेच बसून होतो. स्वयंपाक व्हायचा होता. पडद्यावर गाडी उभी होती आणि इंजिनाचा बारीक घुमघुम आवाज येत होता. पुढच्या खांबावर हिरवा दिवा तसाच होता.

"हिरवाच आहे," मी हळूच म्हणाले.

"असू दे." यांनी डोळे मिटून घेतले होते. "मला आता रूळ धड दिसत नाहीत. तू लाईनीवर बघ."

मी खुर्ची पुढं ओढली आणि बघितलं. इंजिनापुढं दोन रूळ, खडी, पुढं आणखी खडी. कुठंही कुणी नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिले, डावीकडून उजवीकडं, बाईमाणसाला शेळी ओढत पलीकडं जायला लागतो तेवढा वेळ.

"गेली," मी म्हणाले.

"गेली," हे म्हणाले. आणि जरा वेळानं, "शेळी?"

"तिलाही घेऊन गेली."

यांनी चाचपत बटण शोधलं आणि एक लांब शिट्टी दिली.